एकाच बटेचे दोन रिपोर्ट

नयना मेश्राम मूळची भंडाऱ्याची. नवरा सुगत सरकारी नोकरीत, त्याच्या बदलीपाठोपाठ ती लखनऊला आली आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. बावीस वर्षं तिने हातपंपांचं पाणी तपासलं. लोह किती, फ्लोराइड किती, आर्सेनिक किती.

२०१३ साली होळी उलटली तरी तिच्या अंगातला स्वेटर उतरेना. चेहरा सुजल्यासारखा, कंगव्यात केसांचा पुंजका. लखनऊच्या महानगर या वस्तीतल्या शेजारणीने, शुक्ला भाभीने, सांगितलं, "थायरॉइड होगा. सुई-वुई छोड़ो, बालों की जाँच करवा लो."

दुसरी कुणी असती तर हसली असती. पण केसांत आर्सेनिक साठतं, हे नयनाला कामामुळे ठाऊक होतं. मग थायरॉइडही कळत असेल, असं तिला वाटलं. तिने मानेजवळची बट कापून केसांची तपासणी करणाऱ्या एका केंद्रात दिली. रंगीत रिपोर्ट आला: कॅल्शियम जास्त, पोटॅशियम कमी, म्हणून थायरॉइड मंद. सोबत समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल.

तीन महिने तिने त्या नेमाने घेतल्या. आवाज घोगरा झाला, जिना चढताना धाप लागू लागली. एके दिवशी तिने लखनऊजवळच्या बख्शी का तालाब गावातल्या एका पंपाचा आकडा दुसऱ्याच पंपापुढे लिहिला. साहेबांनी हटकलं नसतं तर कागद तसाच पुढे गेला असता. घरी येऊन ती रडली.

"मम्मी, डॉक्टर के पास चलो ना," मुलगी प्रणिता म्हणाली.

"जाऊ. आधी मला एक बघू दे."

प्रयोगशाळेत शंका आली की ती एकाच बाटलीतलं पाणी दोन नंबर घालून तपासायची. आता तिने एक बट कापली, नीट मिसळून तिचे दोन भाग केले. एका पाकिटावर स्वतःचं नाव घातलं, दुसऱ्यावर सुगतचं.

"अगं, माझ्या डोक्यावर आहेत कुठे केस?" सुगत म्हणाला.

"त्यांना कुठे दिसतंय!"

रिपोर्ट आले. नयनाचा थायरॉइड मंद, सुगतचा जलद. ती दोन्ही कागद घेऊन केंद्रात गेली.

"मैडम, थोड़ा फर्क तो आ ही जाता है," तिथला माणूस म्हणाला.

"थोड़ा? बाल एक ही सिर के हैं भैया."

नयना तिथून थेट रक्त द्यायला गेली. टीएसएच साठच्या वर; हवं पाचच्या आत. डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल बंद केल्या आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून दिली. "केसात धातू सापडतात, थायरॉइडचं काम रक्तातच कळतं," हे त्यांनी सांगितलं, तेव्हा नयना मान खाली घालून ऐकत राहिली. आपल्याला हे कळायला हवं होतं, ही बोच तिला आजारापेक्षा जास्त होती.

दोन महिन्यांत सूज उतरली, डोकं स्वच्छ झालं. तेव्हा ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "सर, उन तीन महीनों के मेरे सारे नमूने दोबारा जाँचने होंगे."

साहेब म्हणाले, एकच चूक होती, ती सुधारली. नयनाने ऐकलं नाही. जीपमधून ती स्वतः गावोगाव फिरली, चव्वेचाळीस पंपांचं पाणी पुन्हा आणलं. आणखी दोन आकडे चुकलेले निघाले. त्यातला एक पंप शाळेच्या अंगणातला होता. त्याच आठवड्यात त्याला लाल रंग फासला गेला, म्हणजे हे पाणी पिऊ नका.