चार महिन्यांनी आलेलं कार्ड

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, रोज सकाळी एक टीप लिहायची सवय होती. तो प्रोग्रॅमर. एका लहानशा कंपनीत ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर लिहायचा आणि काम करताना नवं काही सापडलं की ते आपल्या वेबपानावर टाकायचा. पाच कळांचं काम एका कळीत कसं करावं, हरवलेली फाइल कुठे शोधावी, एकाच कीबोर्डवर दोन भाषा कशा लिहाव्यात. प्रोग्रॅमर तर वाचायचेच, परक्या भाषा शिकणारेही वाचायचे. वहिनीला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. "दूध उतू जायच्या आधी कळेल अशी एखादी टीप लिहा," ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "मग मीही वाचीन."

सगळ्यात गाजलेली टीप शब्द पाठ करण्याची. माझ्या भाचीला नोकरीसाठी परकी भाषा शिकायची होती, तेव्हा दादाने लेकीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर कार्ड येतं, आपण उत्तर द्यायचं. चुकलं तर तेच कार्ड उद्या पुन्हा. आलं तर तीन दिवसांनी, मग दहा, मग महिन्याने, मग थेट चार महिन्यांनी. खाली त्याने लिहिलं होतं, 'जे येतंय त्यावर वेळ घालवू नका.'

मग वहिनीचेच शब्द हरवायला लागले. बोलण्यात भल्याभल्यांना गुंडाळणारी बाई ती. एकदा शिवणाचं काढून बसली होती. "वन्सं, ते द्या ना जरा... ते... कापायचं." मी कात्री दिली. दोघी हसलो. वर्षभरात ते हसणं बंद झालं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तो वाढतच जाणार हेही सांगितलं. त्यातलं दादाने फक्त नाव ऐकलं असावं. घरी येऊन तो एकेका वस्तूचे फोटो काढत सुटला. कात्री, चाळणी, किल्ली, उशीचा अभ्रा. मग माणसं: भाची, मी, तो स्वतः.

"पोरीला परकी भाषा आली," तो मला म्हणाला, "हिची तर स्वतःचीच आहे. एक शब्द जाऊ देणार नाही मी."

पहिल्या दिवशी मी तिथेच होते. चहाचे कप बाजूला सारून त्याने लॅपटॉप उघडला. पहिलंच कार्ड त्याच्या फोटोचं.

"हे कोण?"

"यांना कोण ओळखत नाही? अख्खी बिल्डिंग ओळखते, घोरण्यावरून!"

दादा खो खो हसला आणि 'आलं' दाबलं. तीन दिवसांनी ते कार्ड पुन्हा आलं, पुन्हा 'आलं'. मग दहा दिवस, मग महिना. पुढे ते दिसेनासं झालं. चाळणी मात्र रोज यायची. चाळणी जमली की मला फोन यायचा, "आज लगेच सांगितलं हं तिने!" लेकीला शाळेत घातल्यासारखा आनंद.

बाकी सगळं ठीक चाललंय असं आम्हाला वाटत होतं. वहिनी त्याला 'अहो' म्हणून हाक मारायची, जिना उतरताना त्याचा दंड धरायची. आणखी काय विचारायचं? नवरा ओळखतेस का, असं रोज कोणी विचारतं का?

चार महिन्यांनी ते कार्ड आलं, तेव्हाही मी समोर होते. वहिनी फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. मग मान डोलावून म्हणाली, "चांगले गृहस्थ दिसतात."

"अगं, नीट बघ ना," दादा म्हणाला.

तिने नीट पाहिलं. मग वळून त्यालाच विचारलं, अगदी अदबीने, "अहो, तुम्ही ओळखता का यांना?"

मी उगाचच कप उचलले आणि आत गेले. नळ सोडला. बाहेर आले तर दादा तसाच बसलेला, बोट 'चुकलं'च्या कळीवर. वहिनी त्याची समजूत घालत होती, "असू दे हो. आठवेल तुम्हाला."

ती जुनी टीप त्याने पानावरून काढून टाकली. वाचकांनी विचारलं, का काढली, आम्ही त्यावर परीक्षा पास झालो.  त्यानंतर त्याने नवी टीपही लिहिली नाही.

महिनाभराने मी गेले तेव्हा टेबलावर तेच चाललं होतं. फोटो आला.

"हे कोण?"

"चांगले गृहस्थ," वहिनी पटकन म्हणाली.

दादाने कार्ड उलटवलं. मागचं उत्तर त्याने बदललं होतं. तिथे तेच दोन शब्द होते.

"बरोबर," तो म्हणाला. वहिनी खुलली. आणि त्याने 'चुकलं' दाबलं.

"अरे, आलं ना तिला?" मी हळूच म्हटलं. प्रोग्रॅम त्याचाच. नियम बदलणं त्याच्या डाव्या हातचा मळ. पण त्याने तो बदलला नव्हता.

"आलं म्हटलं," तो पडद्याकडे बघत म्हणाला, "तर तीन दिवस येणार नाही."