आत्यानं दांडा सोडला
एसटीच्या डिझेलचा वास आला की मला वाशीमच्या दवाखान्यातलं ते थरथरणारं यंत्र आणि त्याच्यावर उभी असलेली माझी आत्या आठवते. न्हाणीत पडल्यापासून ती भिंत धरूनच चालायची. जयंतीला विहारापुढच्या चौथऱ्यावर चढून झेंडा फडकवायचा मान आमच्या गावात सगळ्यात वयस्कर बाईचा, म्हणजे तिचाच; पण मंडळाचा अध्यक्ष घरी येऊन म्हणाला, "आत्या, यंदा खुर्ची ठेवतो, खाली बसूनच दोरी ओढा." आत्या पेटली, म्हणून मी तिला व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. पायांत बळ यावं म्हणून बाईंनी तिला यंत्रावर उभं केलं, ते सुरू केलं आणि अख्खा दवाखाना हादरला, शेजारच्या हॉटेलातला चहा आपोआप ढवळला गेला. "आजी, भिऊ नका, दांडा घट्ट धरा," बाई म्हणाल्या. "काहून भिऊ माय? कामरगावच्या एसटीत दोन्ही हातात कोंबड्या घेऊन उभ्यानं जिंदगी गेली माही. हे तं पाळणा आहे!" म्हणत आत्यानं दांडाच सोडला, आणि पडली नाही! पुढं तिनं दवाखान्याची एकही खेप चुकवली नाही. जयंतीला कोणाचाही हात न धरता ती चौथरा चढली, दोरी अशी ओढली की झेंडा मालेगावातून दिसला असेल, आणि खाली उतरून खुर्ची अध्यक्षाकडं सरकवत म्हणाली, "बस बापू, तुहेच पाय लटपटून राह्यले." आता एसटी रिकामी असली तरी मी उभाच राहतो. कंडक्टर विचारतो, "काहून बसत नाही भाऊ?" मी म्हणतो, "म्हातारपणाची प्रॅक्टिस करून राह्यलो."