रिकामी नळी आणि पांढरा दोरा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाकीच्या शाळा बंद होतात आणि नळीकाकांची सुरू होते.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काका एकतीस वर्षं आहेत. त्यांच्या हुद्द्याचं नाव एवढं लांबलचक आहे, की ओळखपत्रावर ते दोन ओळींत मोडून छापावं लागलं. काम मात्र एकच : काचेच्या नळ्या धुणं, वाळवणं आणि पोरांच्या हातून वाचवणं. दर उन्हाळ्यात वीस-बावीस तरुण संशोधक पाच दिवस उत्प्रेरक शिकायला येतात, तेव्हा ह्या तिसऱ्या कामाला ऊत येतो.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे काकांनी एकदा बायकोला समजावलं होतं. "भांडण लावून देणारा शेजारी. दोघांची जुंपते, पण ह्याच्या सदऱ्याला सुरकुतीसुद्धा पडत नाही."

"मग तुमची बहीणच की," बायको म्हणाली. तेव्हापासून काकांनी घरात विज्ञान आणणं कमी केलं.

उन्हाळी शाळेतला प्रयोग तसा साधा. आपण बनवलेली चिमूटभर पूड नळीत भरायची, नळी भट्टीत ठेवायची, एका टोकानं विषारी वायू सोडायचा आणि किती अंशांवर तो निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो ते बघायचं. जितक्या कमी अंशांवर काम होईल, तितकी पूड गुणी. मेख एवढीच, की नळीत आधी प्लॅटिनमची पूड भरलेली असेल, तर ती आतल्या भिंतीला धरून बसते. डोळ्यांना दिसत नाही, पण लुडबुड करायचं सोडत नाही. म्हणून काका प्रत्येक नळी दिवसभर आम्लात मुरवतात, खळखळून धुतात आणि मग तिच्या गळ्यात पांढरा दोरा बांधतात. दोरा दिसला, की शाळेच्या प्रमुख मोठ्या मॅडमसुद्धा दुसरा प्रश्न विचारत नाहीत. काकांची सगळी अब्रू त्या वीतभर दोऱ्यात.

यंदा पहिल्याच दिवशी काका मोरीपाशी उभे होते. उजव्या हातात धुतलेली नळी, डाव्या हातात प्लॅटिनमची, अजून धुवायची. एवढ्यात बाहेरून हाक आली, "काका, चला, फोटो काढायचाय! मॅडम तुमच्यासाठी थांबल्यात!"

एकतीस वर्षांत एकतीस फोटो निघाले, पण काकांना बोलावणं हे पहिलंच. दोन्ही नळ्या ओट्यावर ठेवून ते आधी कंगवा शोधायला धावले. डोक्यावरचं पीक आता विरळ, पण मशागत कसून झाली. फोटो काढून ते शीळ घालत परतले, एका नळीला दोरा बांधला, दुसरी 'धुवायच्या' खणात टाकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या टेबलावर गलका झाला. तिथे एक अखंड बोलणारी मुलगी होती. सगळे तिला 'रेडिओ' म्हणत. तिची पूड म्हणजे निव्वळ लोखंडाचा गंज. तीनशे अंशांच्या आत ती हलेल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती.

"काका, दीडशे! फक्त दीडशे अंश! माझ्या गंजानं प्लॅटिनमची बरोबरी केली! बाबांना फोनसुद्धा केला मी!"

"शाब्बास गं पोरी," काका म्हणाले आणि तसेच खणाकडे गेले. खण उघडला. धुवायच्या नळ्यांच्या तोंडाशी पुडीची धूळ होती; एक मात्र आरशासारखी लखलखत पडली होती, धुतलेली. म्हणजे दोरा दुसरीच्याच गळ्यात गेला होता.

संध्याकाळी जेवताना घास हातातच राहिला.

"अहो, नळी गिळलीत की काय?" बायकोनं विचारलं.

काकांनी कंगव्यासकट सगळं सांगितलं. "परवा ती सगळ्यांसमोर हे मांडणार. गप्प बसलो तर कुणाला पत्ता लागायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि आपल्या प्रयोगशाळेत परत जाऊन तिनं दुसऱ्या नळीत तीच पूड भरली म्हणजे? हसं कुणाचं व्हायचं? तुमचं नाही. तिचं." बायकोनं भाजी वाढली. "दोरा तुमचा आहे. तुम्हीच सोडा."

सकाळी काकांनी रेडिओला बाजूला घेतलं. "तुझी पूड काढ आणि हीच नळी नुसती रिकामी चालव."

"रिकामी? काका, रिकाम्या नळीतून काय निघणार?"

"माझी चूक निघेल. चालव तर."

भट्टी तापत गेली. एकशे साठ अंशांवर रिकाम्या नळीनं, आत कणभर पूड नसताना, सगळं काम चोख करून दाखवलं. रेडिओ बंद पडला. चांगली पाच मिनिटं.

मग ती नाक पुसत म्हणाली, "म्हणजे दीडशेतलं सगळं श्रेय तुमच्या नळीचं! माझा गंज फुकटच मिरवत होता!"

"रागव मला. रागवायलाच हवं."

"आधी धुतलेली नळी द्या, मग निवांत रागावते."

धुतलेल्या नळीत गंज तीनशे दहावर हलला. शेवटच्या दिवशी तिनं तिन्ही आकडे शेजारी शेजारी लावले : नळी आणि गंज, नुसती नळी, धुतलेली नळी आणि गंज. मोठ्या मॅडमनी चष्मा काढला. "ह्या नळीला दोरा नव्हता?"

मागच्या रांगेतून काका उठले. "होता, मॅडम. मीच बांधला. न धुतलेलीला."

सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या.

"काका, बसा," मॅडम म्हणाल्या. "दोष माझाही आहे. दोरा बघून रिकामी नळी तपासायचं मीच बंद केलं होतं. पुढच्या वर्षी पहिला दिवस पुडीचा नाही, रिकाम्या नळीचा. तुम्ही शिकवायचा."

"मी? मॅडम, मला बोलता कुठे येतं?"

"मी सांगते ना काय बोलायचं ते!" समोरून रेडिओ पूर्ववत सुरू झाला आणि सभागृह हसत सुटलं.

आठवड्यानं फोटो घरी आला. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. एकटे काका मान वळवून मोरीच्या दाराकडे बघतायत.

बायकोनं तो उजेडात धरून नीट न्याहाळला.

"केस मात्र झकास बसलेत हं," ती म्हणाली, आणि भिंतीवर खिळा ठोकायला हातोडी आणायला गेली.