रेव्हरंड सर आणि घराचं मस्तक

आमच्या चर्चमधल्या शुक्रवारच्या शास्त्रपाठात वचनं विसरतात, किस्से मात्र पाठ होतात! आणि किश्शात रेव्हरंड सर असणारच. आयुष्यभर ईश्वरविज्ञान शिकवून बेळगावात राहिलेले. मत एकच: पुरुष घराचं मस्तक, बाईनं घर सांभाळावं, चर्चमध्ये उपदेश करू नये. त्यांची बायको शांताआक्का, रिटायर्ड कन्नड टीचर. आक्कांचं मत कुणी विचारत नसे. त्या सांगत!

*

सरांना स्कूटर येत नाही. खडेबाजारात आक्का पुढं, सर मागं, मांडीवर बायबल. जुना विद्यार्थी भेटला.

"काय सर, मस्तक मागं?"

सरांनी स्वतःच्या डोक्यावरच्या हेल्मेटवर टकटक केलं. "घरात हेल्मेट एकच. ते कुणाच्या डोक्यावर हाय, बघ की!"

*

हिंडलग्याच्या जेलात सर उपदेशाला गेलते. विषय तोच. एक कैदी उठला.

"सर, मस्तक हितं कोठडीत. बायको शेत बघती, पोरी शिकवती. मग माझं घर बिनडोक चाललंय म्हणायचं?"

हे आम्हाला सरांनीच सांगितलं. आम्ही विचारलं, उत्तर काय दिलं?

"डोळे मिटून प्रार्थना सुरू केली!"

*

माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या सासूबाई निपाणीहून मला सरांकडं घेऊन आल्या. "नर्सची नोकरी सोड म्हणून सांगा हिला." सर सुरूच होणार, तेवढ्यात आक्का चहा घेऊन आल्या.

"येशू दोघी बहिणींच्या घरी गेलते. एक रांधत होती, एक पायाशी बसून ऐकत होती. शाबासकी कुणाला मिळाली?"

"ऐकणारीला," सर म्हणाले. "पण दोघी बसल्या असत्या, तर रांधलं कुणी असतं?"

"त्यांचा भाऊ होता की घरात!"

आधी सासूबाईच हसल्या. मी अजून नोकरीत आहे.

*

ईस्टरचा रविवार. सरांचा घसा पार बसलेला. त्यांच्याऐवजी उपदेशाला येणारे पाळक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलेले. सरांनी लिहिलेला उपदेश आक्कांच्या हातात दिला आणि खुणावलं, नुसतं वाच.

आक्का व्यासपीठावर चढल्याच नाहीत, खालीच उभ्या राहिल्या. पहाटे येशूच्या कबरेकडं गेलेल्या बाया, रिकामी कबर, देवदूत त्यांना म्हणतो, 'तो उठलाय, जाऊन सांगा', इथवर वाचलं. मग कागद मिटले, आणि आपल्या वारलेल्या लेकीबद्दल बोलू लागल्या. पहिल्यांदाच. सर चष्मा पुसत होते, पुसतच राहिले.

उपासना संपताच मंडळीतले एक वडीलधारे तणतणत आले. "सर! बाईनं उपदेश केला!"

सरांचा घोगरा आवाज कसाबसा फुटला. "उपदेश न्हाय. निरोप दिला. तो पयल्यांदा कुणाच्या हाती धाडलता, घरी जाऊन वाचा."