खोल समुद्रातला बैलाचा गोंडा

मी जन्मात मासा खाल्लेला नाही, आणि खोल समुद्रातील मोठ्या माशाला कोणते आमिष लावावे या विषयात माझे मत मालवणच्या किनाऱ्यावर प्रमाण मानले जाते.

ही दोन्ही विधाने सत्य आहेत. त्यांत कोणाला विरोध दिसत असेल, तर तो पाहणाऱ्याच्या दृष्टीचा दोष होय! आमच्या श्रीगोंद्यात काही मंडळींनी या प्रसंगाची जी थट्टा चालवली आहे (विशेषतः संध्याकाळी देवळाच्या पारावर बसून, मी आत पूजेत असताना), तिला उत्तर म्हणून हे लिहीत आहे. क्षमायाचना म्हणून नव्हे.

माझी कन्या मंजिरी हिने स्वतःच्या पसंतीने मालवणच्या घरात विवाह केला. जावई सद्गुणी, विहीणबाई प्रेमळ, आणि व्याही नानासाहेब म्हणजे तर मूर्तिमंत सौजन्य. त्या घराला दोष एकच. समुद्र! नानासाहेबांनी निवृत्तीनंतर एक यांत्रिक होडी घेतली आणि हौशी पाहुण्यांना दूर खोल पाण्यात नेऊन, धावत्या होडीमागे गळ ओढत मोठमोठे मासे धरवण्याचा उद्योग आरंभला. दिवाळीनंतर होडीची पहिली फेरी ठरली आणि त्यांचा दूरध्वनी आला, "शास्त्रीबुवा, व्याही बसल्याशिवाय होडी किनारा सोडणार नाही!"

"तुम्ही माळकरी माणूस," आमची सौभाग्यवती म्हणाली, "तिथं जाऊन माशांना प्रवचन देणार आहात का?"

"व्याह्यांचा शब्द मोडायचा नसतो. मुलीचे सासर आहे."

"आणि गळ्यातल्या माळेचं काय?"

त्यावर मी देवापुढे उभा राहून पळीभर पाणी ताम्हनात सोडले आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की, या प्रवासात माझ्या निमित्ताने एकाही जिवाच्या अंगावर ओरखडा उठणार नाही. सौभाग्यवतीने ते ऐकले. देवानेही ऐकले असावे. पुढचा सगळा घोटाळा या पळीभर पाण्यातून उद्भवला.

आता व्याह्यांच्या नव्या वाहनाला रिकाम्या हाताने कसे जावे? आपल्याकडे नवी बैलजोडी आली की गोंडा बांधतात, ट्रॅक्टर आला तरी बांधतात. होडी हे वाहनच. मी तडक बाजारात गेलो. पोळा कधीच होऊन गेला होता, तरी गोंडेवाल्याने गाठोड्यातून एक भला मोठा गोंडा काढला. गर्द जांभळी लोकर, मधूनमधून काळी, वर एक वाटोळा रंगीत लाकडी मणी आणि खाली पितळी घुंगरे.

"काका, कोन्त्या बैलाला पायजे? खिलारी हाय का?"

"बैलाला नको. होडीला."

"व्हडीला?" त्याने हातातला गोंडा खाली ठेवला. "तुमी व्हडी कवा घेतली? आन् चालवनार कुटं? आपल्याकडं उन्हाळ्यात प्यायला पानी न्हाई!"

अज्ञानी माणसाशी वाद घालू नये. मी गोंडा घेतला आणि निघालो.

मालवणला नानासाहेबांनी गोंडा दोन्ही हातांनी स्वीकारून मस्तकी लावला. त्यांचा खलाशी बाबल मात्र तो हलवून घुंगरे वाजवून पाहत म्हणाला, "शास्त्रीबुवानू, ह्यां वाजवून मासो नाचाक येतलो काय?" मंजिरीने त्याच्याकडे डोळे वटारले आणि मग माझ्याकडेही. (माझ्याकडे का, ते मला आजतागायत उमगलेले नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे निघालो. नानासाहेब, बाबल, मंजिरी आणि मी. किनारा दिसेनासा झाला. ऊन लख्ख पडले होते. मी डोळे मिटून नामस्मरण करीत होतो, त्यातला काही भाग भक्तीमुळे आणि बराचसा भाग पोटात ढवळत असल्यामुळे होता. तेवढ्यात नानासाहेबांनी एक पेटी माझ्यापुढे उघडून ठेवली आणि हात जोडले.

"शास्त्रीबुवा, आमच्या घराची रीत आहे. मोसमातलं पहिलं आमिष घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्यानं निवडायचं. मान तुमचा!"

माझ्या पोटातले ढवळणे तत्काळ थांबले. त्याहून मोठे संकट समोर होते!

मान नाकारावा, तर मुलीच्या सासऱ्यांचा अपमान. स्वीकारावा, तर देवापुढे सोडलेले पाणी खोटे. मंजिरी माझ्या कानाशी लागली. "अप्पा, एक कुठलंही उचला आणि मोकळे व्हा. नाही म्हणालात तर मला वर्षभर ऐकावं लागेल!"

"कुठलेही कसे उचलू? सगळ्यांना गळ आहे."

"मग माशाला काय दुर्वा लावतात?"

मी क्षणभर विचार केला आणि मला मार्ग दिसला. मान स्वीकारायचा, परंतु निवडायचे असे आमिष की ज्याकडे एकही स्वाभिमानी मासा ढुंकूनही पाहणार नाही! मात्र वाईट निवडण्यासाठी आधी चांगले कोणते ते कळले पाहिजे. मी नानासाहेबांना म्हणालो, "मला हे शास्त्र प्रथमपासून सांगा."

ते हरखले. आयुष्यात प्रथमच कोणी व्याही त्यांना एवढ्या आस्थेने प्रश्न विचारीत होता. ते सांगू लागले. आमिषे दोन जातींची. एक खरे, म्हणजे बांगडा गळाला शिवून ओढायचा. (मी डोळे मिटले.) दुसरे कृत्रिम. पुढे कठीण डोके, मागे झिरमिळ्यांचा घागरा, आणि त्या घागऱ्यात लपलेला गळ. डोके टोकदार असेल तर ते पाण्यातून सरळ जाते. तोंड तिरके कापलेले असेल तर ते डुलते, उसळते आणि मागे बुडबुड्यांचा माग सोडते. तो माग पाहून मोठा मासा धावून येतो.

"आणि रंग?"

"उजळ दिवशी उजळ, ढगाळ दिवशी गडद. पाण्यावर छाया ठळक दिसली पाहिजे ना!"

"म्हणजे आज निळे-पांढरे?"

"वा! शास्त्रीबुवा, तुम्ही आमच्याकडे जन्माला यायला हवे होतात!"

मी मनात सर्व लक्षणे उलटी केली. उजळ दिवस, तर गडद आमिष. डोके तिरके नको, टोकदारही नको, वाटोळे हवे. शिवाय बेंगरूळ आणि अवजड. पेटीत मी पुष्कळ शोधले, परंतु नानासाहेबांच्या पेटीत कुरूप असे काहीच नव्हते. माणूस रसिक! आणि मग माझी दृष्टी होडीच्या खुंटीला टांगलेल्या गोंड्याकडे गेली.

"हा," मी म्हणालो.

"हा... गोंडा?" नानासाहेबांचा आवाज चिरकला.

"मान माझा ना?"

"तुमचाच, पण..."

"मग हाच."

"अप्पा!" मंजिरी किंचाळली.

"ह्यां बैलाच्या गळ्यातला!" बाबलने कपाळाला हात लावला. "दर्यातले माशे बगून हसतले! होडयेचां नाव जातला!"

दिलेला मान परत घेणे नानासाहेबांच्याही कुळात नव्हते. त्यांनी खूण केली. बाबल पुटपुटत गोंड्यामागे गळ बांधू लागला. मी विचारले, "गळ बांधलाच पाहिजे का?" त्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती येथे शब्दांत मांडणे योग्य नव्हे. गोंडा छुमछुम करीत अरबी समुद्रात उतरला. मी मनोमन समाधान पावलो. व्याह्यांचा मान राहिला, माझे वचन राहिले, माशांचे प्राण राहिले. बुद्धी म्हणतात ती हीच!

आणि आभाळ भरून आले.

दिवाळी उलटल्यावर भर सकाळी ढग येण्याचे काही कारण होते का? नव्हते! पाणी शिसवी झाले. मागे पाहतो, तो गोंड्याचा वाटोळा मणी लाटेवर आपटतो आहे, उसळतो आहे, बुडबुड्यांचा लांबच लांब माग सोडतो आहे. भिजलेली लोकर लांब होऊन अशी काही डुलत होती की नानासाहेबांच्या पेटीतल्या एकाही घागऱ्याला तसे डुलता आले नसते.

"नानासाहेब, ते आत ओढून घेता येईल का?"

"का हो?"

"सुंदर दिसू लागले आहे!"

एवढ्यात पाण्यातून एक काळा पंखा वर आला, उघडलेल्या शिडासारखा. दोरीची चक्री किंचाळली. बाबल त्याहून मोठ्याने किंचाळला, "लागलो! लागलो! गोंड्याक लागलो!"

तो मासा हवेत उडाला. पुरुषभर उंचीहून अधिक लांब, भाल्यासारखी चोच आणि त्या चोचीला आमचा श्रीगोंद्याचा गोंडा! मी हे दृश्य वैराग्याने पाहिले असे लिहिण्याची इच्छा होती. परंतु होडीवर मंजिरी होती आणि तिच्या हातात मोबाईल होता. तेव्हा सत्य सांगतो. मी उभा राहिलो. मी उपरणे कमरेला गुंडाळले. आणि मी ओरडलो, "नानासाहेब, ढील देऊ नका! डावीकडे चालला! अहो, ओढा, ओढा!"

बऱ्याच झटापटीनंतर मासा होडीच्या कडेला आला. नानासाहेब घामाने थबथबले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. बाबलने हातात अणकुचीदार आकडी घेतली. ती पाहिली मात्र, आणि मला ताम्हनातले पाणी आठवले. आता थोड्याच क्षणांत एक जीव जाणार होता, आणि तो माझ्या निवडीने!

"शास्त्रीबुवा," नानासाहेब गहिवरून म्हणाले, "असा मासा मी जन्मात पाहिला नव्हता. हा मासा तुमचा!"

मी सावध झालो. "पुन्हा म्हणा."

"तुमचा! तुमच्या मानाचा!"

"बाबल, ऐकलेस?"

"आयकलंय."

"मंजिरी?"

"ऐकलं, अप्पा. आता काय?"

"आता दान!" मी गर्जलो. "जी वस्तू आपली, तिचेच दान करता येते. हा मासा माझा आहे, हे मालकाने साक्षीदारांसमक्ष सांगितले आहे. मी तो समुद्राला देतो. आकडी खाली ठेव!"

"अहो, समुद्राला? समुद्रानं घ्यायला नको का?" नानासाहेब व्याकूळ झाले. "दान घेणारा 'घेतलं' म्हणतो!"

मी ओंजळीत पाणी घेऊन "न मम" म्हणालो. त्याच क्षणी एक लाट होडीवर चढली आणि आम्ही चौघेही डोक्यापासून पायांपर्यंत भिजलो.

"म्हणाला," मी म्हणालो.

नानासाहेब माशाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग त्यांनी बाबलला खूण केली. बाबल गळ काढायला वाकला आणि तसाच थबकला.

"नाना, गळ लागूकच नाय!"

खरेच! गळ मोकळाच लोंबत होता. त्या माशाची चोच कानशीसारखी खरखरीत असते, आणि तिच्यात गोंड्याची लोकर गुरफटून बसली होती. एवढा बलाढ्य जीव बैलाच्या लोकरीने धरून ठेवला होता. बाबलने सुरीने लोकर कापली. मासा शेपटीचा एक फटका मारून खोल निघून गेला. रक्ताचा थेंब नाही की अंगावर ओरखडा नाही! मी छाती पुढे काढली. (मंजिरीने त्याचेही चित्रण केले आहे.)

ते चित्रण मी परतण्यापूर्वी श्रीगोंद्यात पोहोचले. पारावरची मंडळी मला पाहताच "ओढा, ओढा!" करतात. करोत! माझ्या वचनाला तडा गेला असे त्यांच्यापैकी एकाने शास्त्राधारे दाखवावे. मी वाट पाहतो आहे.

नानासाहेबांचा मात्र दर आठवड्याला दूरध्वनी येतो. मासा धरून, छायाचित्र काढून सोडून देणाऱ्या पाहुण्यांना आता बिनगळाचाच गोंडा हवा असतो. या व्यवहाराशी माझा काडीचाही संबंध नाही, असे मी त्यांना ठणकावून सांगितले आहे. केवळ पाण्याच्या रंगावरून लोकरीचा रंग कसा ठरवावा, मणी केवढा असावा आणि झिरमिळ्या किती लांब ठेवाव्यात, एवढे मी सांगतो. तो विद्यादानाचा भाग झाला. मागणाऱ्याला विद्या नाकारणे पाप आहे!

परवा बाजारातून मी पिशवी भरून घरी आलो, तेव्हा सौभाग्यवतीने ती उघडून पाहिली आणि शांतपणे विचारले, "एवढे गोंडे? आपल्या दावणीला बैल किती आहेत हो?"

बैल एकही नाही. तसे मी तिला तोंडावर, निर्भयपणे सांगितले. त्यावर ती म्हणाली, "मला तरी एक दिसतोय."