ओल्या बाहुलीचा खुलासा

"मॅडम, परवाच्या प्रॅक्टिकलले खरी लेकरं लागतात म्हणे. आपले कॉलेजातले पोट्टे चालणार नाईत काय?"

"सर, आपल्या पोट्ट्यांना मिशा फुटल्या आहेत."

"मंग केवढी पाहिजेत?"

"तीन ते पाच वर्षांची."

आमचे प्राचार्य राऊत सर खुर्चीत मागे रेलले. दोन वर्षं ते या कोर्सच्या कागदांवर सह्या करत होते. कोर्स लहान मुलांचा आहे, हे त्यांना त्या दिवशी नीट कळलं असावं.

कोर्सचं नाव 'क्रेश अँड प्री-स्कूल मॅनेजमेंट'. म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलींना पाळणाघर आणि बालवाडी चालवायला शिकवायचं. आमच्या नेर गावात तेव्हा पाळणाघर औषधालाही नव्हतं. पण शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजला कोर्स मंजूर झाला, मग आमची संस्था कशी मागे राहील? शिकवायला मी, शिकायला पंधरा मुली, आणि सामान म्हणून सहा बाहुल्या आल्या.

बाहुल्या डेडस्टॉक रजिस्टरला चढल्या होत्या. त्यात कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची नोंद असते. एकदा वस्तू तिथे चढली की ती वापरायची नाही, फक्त जपायची. खराब झाली तर खुलासा मागतात. त्यामुळे बाहुल्यांचं प्लास्टिक मी कधी काढलंच नाही. बाळाची आंघोळ मी कोरडीच शिकवली. "समजा हे पाणी आहे. समजा साबण लावला. मानेखाली हात धरा." मुली बिचाऱ्या दोन वर्षं समजत राहिल्या. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हेही सांगून टाकते.

पंधरापैकी एक मुलगी दिवाळीपासून येत नव्हती. शबाना. तिचे वडील शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. कापसाला भाव नव्हता ती वर्षं. लोक जळलेली मोटार तशीच ठेवायचे, त्यामुळे वडिलांच्या दुकानात दिवसभर फक्त रेडिओ चालायचा. शबानाची आई आणि मोठी बहीण कापूस वेचायला जाऊ लागल्या. हजेरी कमी म्हणून सरांनी शबानाचं नाव परीक्षेच्या यादीतून कापलं आणि प्रॅक्टिकल दोन दिवसांवर असताना ते पत्र घरी पोचवायचं काम मला दिलं.

घराला कुलूप होतं. शेजारणीने हात करून शेत दाखवलं. शेवटची वेचणी चालू होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कडुलिंबाखाली शबाना बसली होती आणि तिच्याभोवती अकरा लेकरं. झाडाला एक झोळी. वेचणाऱ्या सगळ्या बायांची लेकरं तिच्या हवाली होती.

प्रत्येकाच्या मनगटाला लुगड्याची चिंधी बांधलेली.

"हे काय गं?"

"ज्याच्या मायच्या लुगड्याची चिंधी त्याच्या हाताले. रडलं की कोन्या मायले आवाज द्याचा ते समजते. जेवलं की मी चिंधी डाव्या हातावरून उजव्या हातावर बांधतो. मंग कोनी उपाशी राहत नाई अन् कोनी दोनदा खात नाई."

पुस्तकात यावर 'नोंदी ठेवणे' असा एक अख्खा धडा आहे. तो शिकवायला मला तीन आठवडे लागले होते.

"कॉलेजात काहून येत नाहीस?"

"पोट्टे कोन सांभाळीन, मॅडम?"

"अगं, पोट्टे सांभाळायलाच तर शिकवतो आम्ही तिथे!"

ती खुदकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्र मी पर्समधून काढलंच नाही.

मग तिने हळूच विचारलं, "मॅडम, आमच्या मोहल्ल्यात अंगनवाडी येऊन राह्यली. बारावीचा कागद असला त सेविकेच्या जागेवर नंबर लागते म्हंतात. मी बसू शकतो ना परीक्षेले?"

"परवा ये," मी म्हणाले. "आणि या सगळ्यांना घेऊन ये."

परत येऊन मी सरांना गाठलं. कोर्समध्ये ऑन द जॉब ट्रेनिंग असतं. म्हणजे खऱ्या कामाच्या ठिकाणी जाऊन शिकायचं, आणि ते दिवस हजेरीत धरतात. "शबानाचे धुऱ्यावरचे दिवस त्यात धरा, सर. आणि प्रॅक्टिकलला तिचीच लेकरं घेऊ."

"मॅडम, ट्रेनिंगच्या कागदावर आस्थापनेचा शिक्का लागते. धुऱ्याले शिक्का असते काय?"

"नसतो."

"मंग झालं त! अन् धुऱ्यावरची शेंबडी पोट्टी कायले आनता? फोटो काढाचे हायेत बाप्पा. मी करतो बंदोबस्त."

सरांचा बंदोबस्त परीक्षेच्या दिवशी व्हॅनमधून उतरला. एका इंग्रजी नर्सरीची बारा मुलं, टाय लावलेली. अमरावतीहून आलेल्या परीक्षक बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सुरू करा."

माझ्या चौदा मुलींनी आजवर प्लास्टिकमधल्या बाहुलीशिवाय काही धरलं नव्हतं. त्यांनी त्या चार-चार वर्षांच्या मुलांना उचललं आणि मी शिकवल्याप्रमाणे मानेखाली हात धरून आडवं केलं. आता टाय घातलेल्या मुलाला भर वर्गात कोणी उताणं केलं तर ते काय करेल? पहिलं रडलं, मग बाराही रडली. एकाने परीक्षक बाईंचा पदर धरला तो सोडेचना.

"ही तुमच्या कॉलेजच्या सराव-बालवाडीतलीच मुलं ना?" बाईंनी विचारलं.

"हौ, रोज येतात," सर म्हणाले.

"मले व्हॅनमधी बसवून आनलं!" पदर धरलेल्याने हंबरडा फोडला.

सर छताकडे पाहू लागले.

तेवढ्यात शबाना व्हरांड्यात पोचली. कडेवर एक, मागे दहा. आतला गोंधळ तिने पाहिला आणि माझ्याकडे न बघता थेट आत आली. आपल्या एकेका लेकराला तिने एकेका रडणाऱ्यापुढे नेऊन बसवलं. "जाय, त्याले तुह्याजवळचं बोंड दाखव." सगळ्यांच्या मुठीत कापसाची बोंडं होती. त्यातला कापूस काढून सरक्या मोजायचा त्यांचा रोजचा खेळ होता. पदर धरलेलं पोर तिने स्वतःच्या मांडीवर घेतलं. थोड्याच वेळात खोलीत फक्त मोजण्याचा आवाज राहिला. मोजणी चुकत होती, पण रडणं थांबलं होतं.

"ही कोण?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"ते परीक्षेत नाई, मॅडम. हजेरी कमी आहे तिची," सर म्हणाले.

"कुठे असते मग?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लेकरं सांभाळते. कापूस वेचणाऱ्या बायांची. दिवाळीपासून, रोज."

बाईंनी सुटलेला पदर खोचला. मग म्हणाल्या, "ट्रेनिंगचा कागद आणा. शेतमालकाचं नाव लिहा, सही घेऊन या. शिक्का कॉलेजचा मारा."

"पन मॅडम, नियमात..."

"नियमात व्हॅन बसते का, सर?"

मी रिक्षा करून शेतमालकाची सही आणली. सरांनी शिक्का इतका जोरात मारला की टेबलावरची टाचणीची डबी उडाली. आणि शबाना परीक्षेला बसली.

शेवटचा प्रश्न बाळाच्या आंघोळीचा. चौदा मुलींनी कोरड्या बाहुलीला कोरडी आंघोळ घातली. शबानाची पाळी आली. तिने प्लास्टिक टर्रकन फाडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पानी कुठी हाय?"

परीक्षक बाई म्हणाल्या, "आणा पाणी."

शिपाई बादली घेऊन आला. शबानाने आधी कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि मग बाहुलीला अशी खसखसून आंघोळ घातली की बाहुलीचे केस, भुवया आणि एक डोळा बादलीत तरंगायला लागला. तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

मला दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला. 'डेडस्टॉकमधील बाहुली ओली का झाली, याचा खुलासा करावा.' मी खुलासा केला. तो अपुरा ठरला. पुन्हा केला. शबाना पास झाली, तिच्या मोहल्ल्यात अंगणवाडी उघडली, तिचा नंबर लागला. कापूस जाऊन सोयाबीन आलं. राऊत सर निवृत्त झाले, कोर्सही बंद पडला. बाहुलीची फाईल मात्र चालू राहिली.

माझ्या रिटायरमेंटच्या वेळी क्लार्कने सेवा पुस्तक अडवलं. "मॅडम, एक बाहुली बाकी आहे."

मी चिडून ती एकाक्ष बाहुली पिशवीत घातली आणि शबानाकडे गेले. अंगणवाडीत पंचवीस लेकरं, सगळ्यांच्या मनगटाला चिंध्या. तिने सगळं ऐकून घेतलं, पोट धरधरून हसली, आणि कागद ओढून लिहिलं, 'एक बाहुली, लेकरांच्या वापरासाठी मिळाली.'

मग टेबलाचा खण उघडला.

"घाबरू नका, मॅडम. आता माह्याजवळ शिक्का हाय."

धप्पकन मारला. क्लार्कने तो कागद निमूट लावून घेतला. बाहुली तेव्हापासून रोज ओली होते, आणि अजून कोणी खुलासा मागितलेला नाही.