पत्रकाखालचा नंबर

मार्थाआत्या गेल्याची बातमी मला ज्या नंबरावरून आली, त्याला गाव नव्हतं. नुसते दहा आकडे. ते भिंगारचे की भोपाळचे, कर्ज विकणाऱ्या मुलीचे की आत्याच्या शेजारच्या काकूंचे, हे सांगणारं त्यात काहीच नव्हतं. पुण्यातल्या माझ्या खोलीत बसून मी तो फोन दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा काकू रडत होत्या. "अगं, उचल की गं... आत्या गेली तुझी." याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नकोस. मी लावून घेतलेलं नाही. मला राग आला आहे.

आत्या भिंगारला, कॅन्टोन्मेंटच्या कडेच्या एका गल्लीत राहायची. शिवणकाम करायची आणि पत्रकं काढायची. रेशनवर, दारूच्या गुत्त्यांवर, पाण्यावर. माझे आईवडील नोकरीसाठी बाहेर, म्हणून मी तिच्याकडेच वाढले. छपाईत बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर बाराखडी गिरवली. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तिचं नाव आणि घरच्या फोनचा नंबर असे, नगरच्या कोडसकट. छापखान्याचे मालक समजावायचे, "मार्थाबाई, खाली 'समस्त महिला' असं टाका. कशाला स्वतःला अडकवून घेताय?" ती म्हणायची, "ज्याच्यावर लिवलं त्याला येऊन भांडता आलं पायजे. न्हाई तर ती चुगली झाली, पत्रक न्हाई." फोन वाजला की मशीनवरून उठून ती म्हणे, "भिंगार. मार्था बोलते." आधी गाव, मग नाव.

मी तिसरी-चौथीत असेन. शेवगावकडे खेड्यांवरून कापूस आणणाऱ्या बायकांना एक व्यापारी काट्यात मारतो, असं पत्रक तिने काढलं होतं. दोन दिवसांत फोन आला. आवाज एवढा चढा की शिवणयंत्राजवळ बसून मलाही ऐकू येत होता. "लई शानपना चाललाय तुमचा! पत्रक मागं घ्या, न्हाई तर बघून घेतो!" आत्याने फोनवरच्या, नंबर दिसणाऱ्या छोट्या पट्टीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "शेवगावहून का दादा?" मग जरा खाली उतरलेला आवाज, "तुमाला कसं कळलं?" "तुमच्या नंबराचा कोडच सांगतोय की. उद्या येते. चहा ठेवा."

आणि खरंच गेली! मला घेऊन, एसटीने. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवाल्याला तिने नंबर वाचून दाखवला, तर तो म्हणाला, "हा व्हय? पेठेतल्या कापूसवाल्याचा." आम्ही दुकानात शिरलो तेव्हा तो माणूस गादीवरून अर्धा उठला. "बाई, तुमी खरंच आल्या व्हय?" "बघून घेतो म्हनला होता ना... बघा." पुढे तास-दोन तास भांडण झालं. त्याने तिला भिंगारची भवानी म्हटलं, तिने त्याच्या वजनाच्या मापाला हात लावून विचारलं, हे उपाशी हाय का? बाहेर जमलेल्या बायका हसल्या. माफी त्याने मागितली नाहीच. पण त्याच दुपारी काटा आतल्या अंधारातून बाहेर ओट्यावर आला आणि बायकांच्या डोळ्यांसमोर कापूस मोजला जाऊ लागला. पुढच्या वर्षी तोच माणूस बाजार समितीविरुद्धची स्वतःची तक्रार घेऊन आत्याला फोन करत होता.

मोबाईलला मी नावं ठेवत नाही. रानात काम करणारी बाई आज शेताच्या बांधावरून मदत मागू शकते, हे मोठंच आहे. पण पूर्वी फोन लागला की आपण विचारायचो, "कोण बोलतंय?" आता विचारतो, "कुठे आहेस?" मिरजगावचा माणूस सुरतेला जातो, नंबर तोच राहतो. राहू दे, तो आपल्या माणसांना सापडेल. मात्र ज्याला सापडायचं नाही, त्याचीही आपण सोय करून ठेवली आहे, आणि तिला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

गेल्या वर्षी टँकरवर तिने पत्रक काढलं. वस्तीसाठीचं पाणी वाटेत हॉटेलांना विकलं जातं, असं. मग फोन सुरू झाले. दर वेळी नवा मोबाईल नंबर. "म्हातारे, तुझं घर म्हाईत हाय आम्हाला." ती विचारायची, "तू कुठला रे बाबा?" की फोन बंद. ती घाबरली नव्हती, पण तिची जेवणावरची वासना उडाली होती. मला म्हणाली, "त्याला माझं घर ठावं, मला त्याचं गावबी ठावं न्हाई. ह्याला काय भांडान म्हनायचं?"

त्यातच रस्ता रुंद करताना तिच्या फोनची तार उखडली गेली. तक्रार करायला ती कचेरीत जाऊन बसली, तर समोरचा माणूस म्हणाला, "आजी, आता कोण लावतं हे? मोबाईल घ्या ना." ती म्हणाली, "मोबाईल हाय माझ्याकडं. मला भिंगारचा फोन पायजे." तो काही आला नाही. ती गेली तेव्हाही फोन मुकाच होता.

दफनानंतर, आत्याबरोबर पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटाची बैठक तिच्याच खोलीत झाली. टँकर अजून हॉटेलांकडेच वळत होते, नवं पत्रक काढायचं होतं. प्रश्न एकच उरला, खाली काय टाकायचं? माझा मित्र सचिन म्हणाला, "क्यूआर कोड टाकू. किंवा ईमेल. सेफ राहील. पत्ता बित्ता नको, कोणीही येईल."

"कोणीही यावं म्हणूनच पत्रक काढतोय ना आपण?"

"तू पुण्यात बसणार. इथे कोण दार उघडणार?"

प्रश्न बरोबर होता. मी पुण्याची खोली सोडून आत्याच्या घरी राहायला आले. पत्रकाखाली माझं पूर्ण नाव, गल्ली, घराची खूण आणि एक ओळ छापली: 'रोज संध्याकाळी घरी असते. रागावून आलात तरी चालेल.' सचिनने डोक्याला हात लावला, पण गठ्ठा वाटायला तोच पहिला निघाला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत मोटारसायकल थांबली. पन्नाशीचा, जाडजूड माणूस. मुठीत चुरगळलेलं पत्रक.

"हे कुनी लिवलं?"

"मी लिहिलं. टँकर तुमचा का?"

"माझा हाय. काय म्हननं हाय तुझं?"

"आत या. काय खोटं लिहिलंय ते सांगा. खरं असेल त्याचंही बोलू."

मी दारातून बाजूला झाले. तो उंबऱ्यापाशी घुटमळला. एकदा गल्लीकडे, एकदा मुठीतल्या कागदाकडे पाहिलं... मग त्याने चपला काढल्या.